दोन दिवसांआड

चिठ्ठी टाकीच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून डकवली होती. तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सगळा घोटाळा तिथेच होता.

‘भंगुर यास दोन दिवसांआड चिमट्याने अन्न द्यावे. लाडाने अधिक देऊ नये.’

चिठ्ठी मूळची मुलीची, पण अक्षर बापाचं. बाप छापखान्यात मुद्रितशोधक. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या ऱ्हस्व-दीर्घ करून करून त्याचा स्वभाव असा झाला होता, की वाण्याची यादीसुद्धा तो लाल पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचत नसे. छापखान्यात त्याला कानामात्रा म्हणत. ते नाव घरापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण आता सासरेही रागावले की तेच वापरत. आपणही तेच वापरू.

तर कानामात्राची मुलगी सहा आठवड्यांसाठी जहाजावर गेली. समुद्राच्या तळाशी काय काय जगतं ते मोजायची तिची नोकरी. तिथून फोन फक्त रविवारी सकाळी, दहा मिनिटं, तोही जहाजाची मर्जी असेल तर. निघायच्या घाईत तिने वहीचं पान फाडून त्यावर चार शब्द खरडले, ते बापाच्या हातात दिलं आणि भंगुरचं खाणंपिणं तोंडीही समजावून सांगितलं. कानामात्रा मान डोलावत होता, पण ऐकत नव्हता. त्याची नजर पानावर होती. तिथे ‘दिवसाड’ असा एक शब्द होता आणि तो वाचूनच त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता. वाक्याला क्रियापद नव्हतं. पुढचे शब्द मागे, मागचे पुढे. एवढी शिकलेली पोटची पोर, आणि हे असलं लिहिते.

टॅक्सी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच त्याने पेन्सिल काढली. शब्द जागेवर बसवले, क्रियापद घातलं, अनुस्वार दिला, स्वच्छ प्रत केली आणि मूळ पान बारीक फाडून टाकलं. छापखान्याचा नियमच तसा होता: दुरुस्त प्रत तयार झाली की जुनी ठेवायची नाही, घोटाळे होतात.

आता भंगुर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. दिवाणखान्यात, मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर, खाऱ्या पाण्याची टाकी होती. घरात तिला माशांची टाकी म्हणत, पण तिच्यात मासा एकही नव्हता. तीन दगड, दोन गोगलगायी, आणि सगळ्यांत मोठ्या दगडाखाली हा. कोटाच्या बटणाएवढी चकती आणि तिला पाच लांब, केसाळ, वळवळणारे हात. दुकानात त्याला ब्रिटल स्टार म्हणतात. कानामात्राने पहिल्याच दिवशी त्याचं ‘भंगुर तारा’ असं मराठी केलं होतं. “असलं नाव ठेवल्यावर जगणार किती?” असं सासरे तेव्हाच म्हणाले होते. दिवसभर तो दगडाखाली पडून असे. संध्याकाळी टाकीचा दिवा मालवला आणि चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून पाण्यात सोडला, की दगडाखालून एक हात यायचा, तुकडा ओढायचा आणि आत. इतकाच त्याचा सहवास.

मुलीने एक प्राणी बापावर सोपवला ह्यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष होतं. मुलगी चौथीत असताना तिने पेल्यात घेवडा लावला होता आणि आठ दिवस मावशीकडे जाताना तो बापावर सोपवला होता. बाप विसरला. घेवडा वाळला. बापाने ती परत यायच्या आत दुसरं रोप आणून त्याच पेल्यात लावलं आणि “बघ, किती छान वाढलंय” असं म्हणाला. मुलीने रोपाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि ती खेळायला गेली. पण त्यानंतर चौदा वर्षांत तिने बापावर काही सोपवलं नाही. मांजर असायची ती मावशीकडे जायची, सायकल शेजारच्यांकडे, परीक्षेची ओळखपत्रंसुद्धा मैत्रिणीकडे. आणि आता अचानक हा भंगुर. दारात उभी राहून तिने फक्त एवढंच विचारलं होतं, “जमेल ना, बाबा?” ह्या तीन शब्दांपायी कानामात्रा जीव द्यायला तयार होता.

सोमवारी त्याने पहिला तुकडा घातला. बुधवारी संध्याकाळी बायकोने चिमटा उचलला, आणि तिथून फाटे फुटायला सुरुवात झाली.

“आज नाही,” तो म्हणाला. “उद्या.”

“दोन दिवसांआड लिहिलंय ना? सोमवार झाला, आता बुधवार.”

बायको शाळेत गणित शिकवते. कानामात्राने तिला शांतपणे समजावलं, की दिवसाआड म्हणजे मध्ये एक दिवस सोडून. मग दोन दिवसांआड म्हणजे मध्ये दोन दिवस सोडून. सोमवारनंतर गुरुवार. ह्यात मतभेदाला जागाच नाही. तिचं म्हणणं, दोन दिवसांआड म्हणजे दर दुसऱ्या दिवशी, सगळं जग असंच बोलतं.

“जग चुकीचं बोलतं.”

“बोलू दे. पण जग वेळेवर जेवतं.”

इतका वेळ पेपराआड असलेले सासरे उठले. सासरे बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही लिखाणाकडे ते वेळापत्रक म्हणूनच बघत. त्यांनी चष्मा चढवला, चिठ्ठी वाचली आणि निकाल दिला: ‘दोन’, मग स्वल्पविराम, मग ‘दिवसांआड’. म्हणजे एक दिवस सोडून एक दिवस, आणि त्या दिवशी दोन फेऱ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

“स्वल्पविराम आहे कुठे पण?” कानामात्राचा आवाज चढला.

“जावईबापू, पाटीवर स्वल्पविराम नसतो. प्रवाशाने समजून घ्यायचा असतो.”

मुलीला विचारावं, तर फोन रविवारी. आणि विचारायचं तरी कसं? ‘तू सांगत होतीस तेव्हा मी तुझं शुद्धलेखन तपासत होतो’ असं? ते कानामात्राला मेला तरी जमलं नसतं. शेवटी चिठ्ठी ज्याच्या अक्षरात, अर्थ त्याचा, असं ठरलं. सोमवार, गुरुवार, रविवार. बायको बरं म्हणाली. सासरेही बरं म्हणाले. दोघंही इतक्या पटकन बरं म्हणाली ह्याचा संशय कानामात्राला यायला हवा होता, पण एकतीस वर्षं चुका शोधणाऱ्याला समोरची चूक दिसत नाही हे आपण नेहमी बघतो.

घडलं ते असं. बायकोच्या मनात आलं, ह्यांच्या हट्टापायी मुका जीव उपाशी मरायचा आणि पोरगी जन्मभर नावं ठेवील. ती आपल्या हिशोबाच्या दिवशी शाळेत निघण्यापूर्वी हळूच एक तुकडा सोडू लागली. सासऱ्यांनी एक दिवस सोडून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा दोन फेऱ्या सुरू केल्या आणि त्या एकदाही चुकवल्या नाहीत. कानामात्रा तरी आपल्या अर्थावर ठाम होता का? छे. मुद्रितशोधकाचा स्वतःवर विश्वास नसतोच, म्हणून तर तो सगळं दोनदा वाचतो. उपासाच्या दिवशी टाकीपुढून जाताना त्याच्या मनात यायचं, समजा बायकोचं खरं असलं तर? मग तोही एक लहानसा तुकडा सोडायचा. अगदी लहान. मोजण्यात धरू नये एवढा.

पहिले काही दिवस भंगुरने कुणालाच निराश केलं नाही. मग त्याचा हात उशिरा यायला लागला. मग यायचाच बंद झाला. तुकडे दगडाशी पडून राहू लागले, आणि प्रत्येकाला वाटलं, आपण दिलेला तर त्याने खाल्ला असणार, हा दुसऱ्याचा. दुसऱ्या आठवड्यात पाणी ताकासारखं दिसायला लागलं. दिवाणखान्यात कसलासा वास येऊ लागला. बायकोने न्हाणीघराच्या मोरीला दोष दिला, सासऱ्यांनी जावयाच्या बुटांना.

रविवारी फोन आला. मुलीने सगळ्यांची चौकशी केली आणि मग विचारलं, भंगुर कसा आहे. मजेत, असं कानामात्रा म्हणाला. पाणी? स्वच्छ. फोन ठेवून त्याने टाकीकडे पाठ केली. घेवड्याच्या वेळी तो एकदाच खोटं बोलला होता. ह्या वेळी दोनदा झालं.

कामातही त्याचं लक्ष लागेना. छापखान्यात पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका तपासायला आली होती. ‘दर दोन आठवड्यांनी तेल घालावे’ ह्या वाक्यापाशी तो तासभर बसून राहिला आणि शेवटी त्याने समासात लिहिलं, ‘म्हणजे नक्की कधी? पंपाच्या जिवाचा प्रश्न आहे.’ मालकांनी त्याला आत बोलावून घेतलं आणि घरी सगळं बरं आहे ना, असं विचारलं. एकतीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. कानामात्राच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक घाबरले आणि त्यांनी त्याला लवकर घरी पाठवलं.

तो सतरावा दिवस. बुधवार. घरी येऊन त्याने टाकीत डोकावून पाहिलं, तर वाळूवर एक हात पडला होता. नुसता हात. आणि तो एकटाच वळवळत होता.

त्याने बायकोला हाक मारली. हाक अशी होती की सासरेही चप्पल न घालता धावत आले. तिघं काचेपुढे उभे राहिले.

“मेला का?” बायकोने विचारलं.

“हात जिवंत आहे.”

“हाताचं नाही विचारत मी.”

भंगुरचा बाकीचा भाग कुठे दिसत नव्हता. दगड उचलून बघायची कुणाची छाती होईना.

गुरुवारी कानामात्राने रजा टाकली आणि दुकान गाठलं. दुकानदार खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस. माणसांशी बोलायची त्याला सवय राहिली नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, खायला किती वेळा घालता.

“दोन दिवसांआड,” कानामात्रा म्हणाला.

दुकानदाराने जरा विचार केला. “म्हणजे दिवसातून दोनदा?”

कानामात्रा तिथेच मिठाच्या पोत्यावर बसला. हा चौथा अर्थ होता. त्याला स्वतःच्या भाषेविषयी इतकी निराशा आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुकानदाराने त्याच्यासमोर मीठ मोजून ठेवलं, निम्मं पाणी आज बदला आणि राहिलेलं परवा, आठ दिवस काही घालू नका, असं सांगितलं. जगला तर जगला.

“आणि नाही जगला तर?”

दुकानदाराने नुसतं कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट केलं. तिथे तसेच चार-पाच तारे पसरले होते. तेच बटण, तेच केसाळ हात. कानामात्रा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्यातला एक पिशवीत भरून घेतला. पाचही हात मोजूनच घेतला.

घरी त्याने पाणी बदललं आणि पिशवी टाकीत तरंगत ठेवली. एवढ्यात बायको शाळेतून आली. तिने पिशवीकडे पाहिलं.

“घेवडा,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि आत गेली. कानामात्राला ते इतकं लागलं, की तो उलट तिच्यावरच उखडला. एकटा मीच दोषी काय? पोरीने सहा आठवड्यांची म्हणून कोळंबीची पिशवी ठेवली होती, ती सतरा दिवसांत संपली कशी? तो तिला फ्रीजपाशी घेऊन गेला. पिशवीत बर्फाचा चुरा होता आणि बाकी काही नव्हतं. बायकोने पिशवी पुन्हा आत ठेवली. मग हळूच म्हणाली, “मी घालत होते. माझ्या दिवशी.”

“फेऱ्या मीही सोडल्या,” सासरे दारातून म्हणाले. “वेळेवर सोडल्या.”

बायकोने तोंडी हिशोब केला. सतरा दिवसांत ह्यांची सहा, तिची आठ, सासऱ्यांच्या सोळा फेऱ्या. तीस जेवणं. कानामात्राने मान खाली घातली आणि म्हणाला, “छत्तीस. मधली सहा माझीच.” भंगुर उपाशी मरू नये म्हणून तिघांनी मिळून त्याला खाऊ घालून मारला होता.

नवा तारा संध्याकाळी पिशवीतून पाण्यात सोडला. तो निर्लज्जासारखा मधोमध वाळूवर पसरला आणि तिथून हलायला तयार होईना. शुक्रवार गेला. शनिवारी राहिलेलं पाणी बदललं. मोठ्या दगडाखालून काही आलं नाही. कानामात्राने मनात वाक्य घोळवून तयार केलं होतं: ‘मजेत आहे, हा काय समोरच बसलाय.’ ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं आणि खोटंही नव्हतं. तीच त्यातली मोठी मेख होती.

रविवारी साडेनऊपासून तिघं फोनभोवती बसले. दहाला फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज होता. मुलीने विचारलं, “बाबा, भंगुर कसा आहे?”

कानामात्राने तोंड उघडलं. समोर नवा तारा बसला होता, पाचही हात जागच्या जागी. चौदा वर्षांपूर्वी पेल्यातलं रोप असंच टवटवीत दिसत होतं.

“गेला बहुतेक,” तो म्हणाला. “माझ्या हातून गेला. त्याचा एक हात तुटून पडला. आणि मी दुसरा आणून ठेवलाय. तुला सांगणार नव्हतो.”

पलीकडे नुसता वारा. मग तिने विचारलं, “पण मी लिहून दिलं होतं ना?”

“दोन दिवसांआड लिहिलं होतंस. त्याचे घरात तीन अर्थ झाले.”

“मी कुठे असं लिहिलं? मी ‘दिवसाड दोन’ लिहिलं होतं. एक दिवस सोडून, दोन तुकडे.”

कानामात्राला ते फाडलेलं पान लख्ख दिसलं. शेवटी लोंबकळणारा तो ‘दोन’. त्याला वाटलं होतं, बिचारा जागा चुकलाय. स्वतःच्या हाताने बाण काढून त्याने तो पुढे नेऊन बसवला होता.

“एक दिवस सोडून! मी म्हणत होतो,” सासरे फोनकडे तोंड करून म्हणाले. त्यांना दोघांनी गप्प केलं.

“दुरुस्त केलंत तुम्ही,” मुलगी म्हणाली. ती विचारत नव्हती.

“हो.”

पुन्हा वारा. मग एक आवाज आला, तो आधी कुणाला ओळखू आला नाही. ती हसत होती.

“बाबा, हात पडला म्हणजे तो गेला असं नाही. घाबरला की टाकतो. नवा फुटतो त्याला, दोन-तीन महिन्यांत. दगडाखाली असेल, बघा नीट.”

“तुला हे माहीत होतं?”

“म्हणून तर तो तुमच्याकडे ठेवला. मांजर मावशीला दिली. मांजराचं काही परत फुटत नाही.”

ह्यावर आनंद मानावा की रडावं ते कानामात्राला कळेना. बायको पदराने तोंड झाकून बसली होती. हसत होती की काय, तेही कळेना. जहाजावर कुणीतरी मुलीला हाका मारत होतं. “ठेवते,” ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, “आणि बाबा, ह्या वेळी सांगितलंत तुम्ही. घेवड्याच्या वेळी नव्हतं सांगितलं.” फोन कटला.

कानामात्राने फोन जागेवर ठेवला. मग उठला, टाकीवरची चिठ्ठी काढली, नवा कागद घेतला आणि लिहिलं: ‘भंगुर – दिवसाड दोन.’ लिहून झाल्यावर त्याच्या बोटांना कंड सुटली. ‘दिवसाड’ शब्द डोळ्यांत खुपत होता. वाक्याला क्रियापद नव्हतं. लाल पेन्सिल हातात आली. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने पेन्सिल टेकवली, पण शब्दाला हात लावला नाही. खाली बारीक टिंबांची रांग काढली आणि समासात लिहिलं, ‘तसेच ठेवावे.’ एकतीस वर्षांत ही खूण त्याने फारच थोड्या वेळा काढली असेल.

दुकानदाराने सांगितलेला उपास गुरुवारी संपला. कोळंबीची नवी पिशवी आणली. संध्याकाळी टाकीचा दिवा मालवला, आणि तिघं वाट बघत उभे राहिले. मोठ्या दगडाखालून एक हात आला. मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा, आणि पाचव्याच्या जागी एक आखूड, पांढुरकं टोक. बायकोने कानामात्राचा दंड घट्ट धरला. कानामात्रा रडला, आणि ह्या वेळी कुणी घाबरलं नाही. आवाजाने म्हणा की वासाने, मधोमध बसलेला नवा ताराही हात पसरून पुढे सरकला. दोघं पुढच्या काचेशी येऊन थांबले.

कानामात्राने दोन तुकडे मोजून बशीत ठेवले आणि पहिला चिमट्यात धरला.

“थांबा जावईबापू,” सासरे म्हणाले. ते चष्मा लावून चिठ्ठी वाचत होते. “हे जे ‘दोन’ आहे, ते दोघांत मिळून की प्रत्येकी?”

चिमटा पाण्याच्या वर तसाच थांबला. बायकोने चिठ्ठीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. रविवारला अजून तीन दिवस होते.